हातावरचे नाव, हातावरचे पोट

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पितळखोऱ्याचा एक यक्ष आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ सातमाळ्याच्या डोंगरात जी प्राचीन लेणी आहेत, तिथून तो आला. ठेंगणा, गुटगुटीत, डोक्यावरचे भांडे हातांनी सावरणारा आणि त्या ओझ्याखालीही प्रसन्न हसणारा हा यक्ष इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला मानला जातो. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत काही शब्द कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ असा, की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली. दागिने घडवणाऱ्या हातांनी दगड घडवला आणि करणाऱ्याने आपले नाव मूर्तीच्या पायाशी न ठेवता तिच्या हातावर लिहिले. दोन हजार वर्षांहून जुने हे नाव आजही वाचता येते. तिथून काही किलोमीटरांवर, नवी दिल्ली स्थानकाला लागून, पहाडगंजचा मुख्य बाजार आहे. त्याच्या दुतर्फा चांदीच्या अंगठ्या, काचमण्यांच्या माळा, रंगीत खड्यांच्या सरी टांगलेल्या असतात. त्या मालावर भाव असतो, वजन असते, कधी गावाचे नावही असते. तो कोणी केला एवढेच मात्र कुठे लिहिलेले नसते. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजे आपल्याकडच्या काचकामाचा आणि दागिनेकामाचा इतिहास. तो पाहिला, की कारागिराचे निनावीपण ही आपली परंपरा आहे हा सर्वमान्य समज टिकत नाही. करणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर वाढत गेले, तसे हे निनावीपण आले. जे अंतरामुळे गेले ते परत आणता येते. आणि ते काम संग्रहालयांनी व कलादालनांनी जेवढे करायचे तेवढेच बाजारानेही करायचे आहे.

हा मुद्दा काचेच्या बाबतीत सर्वांत तीव्र होतो, कारण काचेत माल जवळजवळ फुकट असतो. वाळू, क्षार, थोडा चुना आणि रंगासाठी धातूची भुकटी, एवढेच तिचे घटक. सोन्याचांदीच्या दागिन्यात धातूची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी मोजली जाते. पण काचमण्यात घडणावळ वजा केली तर हाती वाळूच उरते. चांदीचे नशीब वेगळे आहे, आणि ते मराठी इतिहासाला जवळून ठाऊक आहे. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली, तेव्हा पैशाच्या ओढगस्तीपायी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले गेले. पानिपताच्या कथेत ही गोष्ट नेहमी येते. छताची चांदी किती निघाली याची चर्चा इतिहासकारांनी केली. ते छत ज्यांनी ठोकून, कोरून, मढवून काढले त्यांच्याविषयी त्या चर्चेत एक अक्षरही येत नाही. धातूला स्वतःचे मोल असल्यामुळे घडणाऱ्याचे काम वितळवूनही हिशेब पुरा होतो. काच वितळवून रुपये पाडता येत नाहीत. तिची सगळी किंमत हाताची आहे. म्हणून हात विसरला जाणे हा काचेच्या बाबतीत दुहेरी अन्याय ठरतो: वस्तूचे जे एकमेव भांडवल, त्याचीच नोंद राहत नाही.

या कामाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पैठण, नेवासे, तेर या सातवाहनकालीन ठिकाणच्या उत्खननांत काचेचे मणी मुबलक सापडले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ह. धी. सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1945-46 मध्ये उत्खनन केले, तेव्हा बहमनी काळातल्या रंगीबेरंगी काचबांगड्यांचे असंख्य तुकडे हाती आले. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा सगळा इतिहास एका ग्रंथात मांडला. मुंबई विद्यापीठाने तो 1969 मध्ये प्रसिद्ध केला. मातीत सापडलेल्या तुकड्यावर नाव नसतेच. पण ज्या समाजात तो तुकडा वापरला गेला तिथे करणारा अनोळखी होता असे मात्र यातून निघत नाही. मराठी भाषेतच त्याची साक्ष आहे. बांगडी भरणारा कासार घरोघरच्या मनगटांची मापे जाणत असे. मण्यांचा धंदा करणारे मणियार आणि नाणी पारखणारे पोतदार यांची कामे आडनावे होऊन राहिली. काळ्या मण्यांची पोत ओवून देणारा कोण, नथीचा आकडा नीट वळवणारा सोनार कोणत्या आळीतला, हे गावातल्या बाईला नावानिशी माहीत असे. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली म्हणणाऱ्या भाषेत काच ही निव्वळ जिन्नस नव्हती. वस्तूवर सही नव्हती, कारण सहीची गरज नव्हती. करणारा हाकेच्या अंतरावर होता, आणि दागिना बिघडला तर तोच पुन्हा हातात घेत होता.

माल हाकेच्या पलीकडे गेला की काय होते, हेही काचमण्यांनीच सर्वांत आधी दाखवले. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूसारख्या केंद्रांत ओढलेल्या काचनळीचे बारीक तुकडे करून जे मणी होत, ते इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेल्या व्यापारातून शतकानुशतके आग्नेय आशियात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. संशोधक त्यांना आज भारत-प्रशांत मणी म्हणतात; म्हणजे दोन महासागरांची नावे त्यांना मिळाली. मणी ओढण्याची ती रीत आंध्र प्रदेशातल्या पापानायडूपेट या गावात आपल्या काळापर्यंत टिकली, तरी ती टिकवणारी घराणी संशोधकांच्या वर्तुळाबाहेर कोणाला माहीत नाहीत. युरोपातही वेगळे घडले नाही. व्हेनिसने 1291 मध्ये काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि तिथल्या उस्तादांना बाहेर जाऊन आपली विद्या वापरण्याची बंदी केली. तिथे मरिएत्ता बारोव्हिएर या उस्तादाच्या मुलीचे नाव चांदणीच्या नक्षीच्या मण्याशी जोडले जाते, कारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला स्वतःची छोटी भट्टी चालवण्याचा परवाना मिळाल्याची नोंद राहिली. पण तेच मणी दोऱ्यात ओवून जगभरच्या बाजारांसाठी तयार करणाऱ्या व्हेनिसच्या शेकडो बायका निनावी राहिल्या. परवान्याच्या कागदावर नाव आले ते उरले. टोपलीतून माल गेला त्यांचे गेले. यात पूर्व-पश्चिम असा भेद नाही. भेद आहे तो नोंद ठेवण्यात कोणाला रस होता याचा.

आता पहाडगंज. गंज हा फारसी शब्द साठा, कोठार, पेठ या अर्थाचा. मराठीत तो कडब्याच्या गंजीत राहिला आहे. शाहजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाज्यापलीकडे ही पेठ वसली आणि मोगल काळात ती धान्याच्या घाऊक व्यापारासाठी ओळखली जाई. रायसीनाच्या टेकडीकडे जाणाऱ्या उंच भूभागाजवळ असल्यामुळे तिला पहाडगंज म्हणत, असे सांगतात. म्हणजे मुळात ही मापाची आणि वजनाची पेठ. 1911 मध्ये राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली, नवी दिल्ली उभी राहू लागली आणि 1926 मध्ये अजमेरी दरवाजा व पहाडगंज यांच्या मधोमध एक छोटे रेल्वेस्थानक झाले. तेच आजचे नवी दिल्ली स्थानक. 1947 मध्ये पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी या भागात बिऱ्हाडे थाटली. मुलतानी ढांडा या वस्तीच्या नावात मुलतानची आठवण अजून आहे. घरदार सोडून आलेल्या माणसांनी हाताला मिळेल तो व्यापार धरला, आणि स्थानकासमोरच्या जागेला उतारूंनी गिऱ्हाईक पुरवले. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांनाही हा भाग परका नाही. नूतन मराठी विद्यालय याच पहाडगंजात आहे. मग 1960च्या दशकाच्या अखेरीस युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे जमिनीवरून येणाऱ्या तरुण प्रवाशांची रीघ लागली. त्यांना स्वस्त खोली हवी होती, ती पहाडगंजात होती. त्यांच्या पिढीने काचमण्यांच्या माळा आणि जाड चांदीचे दागिने ही आपली खूण केली होती, आणि तोही माल इथे मिळू लागला. 1979 मधल्या इराणी क्रांतीने आणि अफगाणिस्तानातल्या युद्धाने तो रस्ता बंद झाला. तोवर बाजाराला परदेशी गिऱ्हाईक कळले होते. हौशी प्रवाशाच्या जागी पिशव्या भरून माल नेणारा छोटा व्यापारी आला, आणि गोव्याच्या हणजुण्याच्या बाजारात, लंडनच्या पदपथावर, युरोपातल्या जत्रांत दिसणारी माळ पहाडगंजातून जाऊ लागली.

माल येतो कुठून हे पाहिले, की या बाजाराचे खरे वजन कळते. हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर हे मण्यांचे गाव. तिथे रंगीत काचेची कांडी ज्योतीवर मऊ करून लोखंडी तारेवर गुंडाळतात, तार सतत फिरवत मण्याला गोलाई देतात, वर दुसऱ्या रंगाच्या बारीक धाग्याने ठिपके, वेली, डोळे काढतात, आणि मणी हळूहळू निवू देतात. घाई केली तर तो तडकतो. फिरवण्याची गती, ज्योतीपासूनचे अंतर, काच किती लाल झाल्यावर ती ऐकते याची समज, हे सगळे बोटांत असते. दिल्ली-हावडा मार्गावरच्या फिरोजाबादेत बांगडीची काच भट्टीतून निघते, फिरत्या रुळावर तिचा स्प्रिंगसारखा लांब वेटोळा होतो, तो कापून तोंड उघडी कडी सुटतात. ही कडी मग घरोघरी जातात. तिथे बायका आणि पुरुष ज्योतीपुढे बसून ती सरळ करतात आणि टोके जोडतात. या जोडणीला तिथे जुडाई म्हणतात. या पट्ट्यात रेह नावाच्या क्षारयुक्त मातीपासून काच करण्याची रीत जुनी होती. 1895 मध्ये डॉब्ज या अधिकाऱ्याने वायव्य प्रांत आणि अवध इथल्या मातीकाम-काचकामावर जो अहवाल लिहिला, त्यात या उद्योगाची नोंद आहे. काशीत मण्यांचा धंदा वाढला तो विसाव्या शतकात, ज्योतीवरच्या बोहेमियन पद्धतीची जोड मिळून. या तिन्ही ठिकाणचा माल दिल्लीच्या घाऊक बाजारांत येतो, आणि पहाडगंजात तो टांगला जातो. पोत्यात भरताना किलो, निवडताना डझन, विकताना माळ. प्रत्येक टप्प्यावर मोजण्याचे एकक बदलते आणि करणाऱ्यापासूनचे अंतर एका हाताने वाढते.

हस्तकला म्हणजे पिढीजात, अबोल, न शिकवता येणारी विद्या, असे मानले की नावाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. हा समज खोडून काढणारा पुरावा पुण्याजवळच्या तळेगाव दाभाड्यात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला भांडवल उभे करण्याचा ध्यास घेतला. लोकमान्य टिळकांनी त्या पैसाफंडाला बळ दिले, आणि 1908 मध्ये त्यातून तळेगावचा काचकारखाना सुरू झाला. त्या वेळी बांगड्या आणि दिव्यांच्या चिमण्या ऑस्ट्रिया-जपानहून येत होत्या. कारखाना उभारण्याची जबाबदारी जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर भारतीय तरुणाकडे होती. तळेगावचा मुख्य हेतू काचकामगार तयार करण्याचा होता, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या कारखान्यांत पसरली. वार्ष्णेय स्वतः संयुक्त प्रांतात परतले आणि बहजोईला त्यांनी मोठा कारखाना काढला. कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये आपला कारखाना सुरू केला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. मराठी माणसाच्या पैशापैशाने उभी राहिलेली काचविद्या अशी उत्तरेशी जोडली गेली. यातून कळते ते असे, की भट्टीसमोरचा माणूस हा शिकणारा आणि शिकवणारा माणूस आहे. शाळा म्हटली की हजेरीपट आला, हजेरीपट आला की नाव आले. विद्या म्हणून मान मिळाला तिथे नाव सोबत आले; मजुरी म्हणून मोजले गेले तिथे संख्या उरली.

नाव मिळण्याचा दुसरा मार्ग प्रदर्शनांतून आणि कलादालनांतून आला, आणि तो सरळ नव्हता. एकोणिसाव्या शतकात कच्छच्या दरबारासाठी काम करणारे भुजचे उमरशी मावजी आपल्या चांदीच्या भांड्यांवर इंग्रजी आद्याक्षरे ठोकत. आज जगभरचे संग्राहक ती दोन अक्षरे पाहून वस्तू ओळखतात. त्याच काळात मद्रासेत देवदेवतांच्या उठावाची जी प्रसिद्ध चांदी घडत होती, तिच्यावर पी. ऑर या इंग्रजी पेढीचे नाव येई. घडवणारे तमिळ सोनार पेढीच्या नावाखाली झाकले गेले. 30 डिसेंबर 1902 रोजी कर्झनने दिल्लीच्या कुदसिया बागेत भारतीय कलांचे मोठे प्रदर्शन उघडले. जॉर्ज वॉट यांनी त्याची जाडजूड सूची तयार केली. तिच्यात कारागीर आहेत, तसे संस्थानिक आणि व्यापारी पेढ्याही आहेत. वस्तू कोणी केली आणि कोणी मांडली हा फरक अशा सोहळ्यांत सहज पुसट होतो. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले ते कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांच्या आग्रहाने. 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ झाले, 1965 पासून उस्ताद कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले, आणि प्रगती मैदानाजवळच्या, चार्ल्स कोरियांनी आखलेल्या हस्तकला संग्रहालयात कारागीर स्वतः बसून काम करू लागला. पाहणाऱ्याला वस्तू आणि हात एकाच वेळी दिसू लागले. पाश्चात्य जगात याच सुमारास, 1962 मध्ये, अमेरिकेतल्या टोलेडो शहरी हार्वे लिटलटन यांनी छोट्या भट्टीचे प्रयोग घडवून आणले आणि काच कारखान्याबाहेर, एकट्या कलावंताच्या हाती आली. आज कलादालनात काचेच्या दागिन्याशेजारी करणाऱ्याचे नाव दिसते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

कारागिराला नाव हवे या म्हणण्यावर पहिला आक्षेप विचारवंतांचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आनंद कुमारस्वामी यांनी 1909 च्या आपल्या पुस्तकापासून भारतीय कारागिराचे जे चित्र रेखाटले, त्यात तो स्वतःला मिरवत नाही; परंपरा त्याच्यातून बोलते आणि निनावीपण हीच त्याची साधना ठरते. सहीचा सोस आधुनिक, व्यक्तिवादी, बाहेरून आलेला आहे असे त्यावरून म्हटले जाते. या म्हणण्यात एक सुंदर सत्य आहे: मणी करणारा स्वतःला जगावेगळा समजत नाही, आपण शिकलेल्याची पुढची कडी समजतो. पण पुरावा या सिद्धान्ताला पुरता साथ देत नाही. पितळखोऱ्याचा कान्हदास आपले नाव लिहितो. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात कान्हाचा शिष्य बलक हे काम आपले असल्याचे सांगतो, आणि सांगताना गुरूचे नाव आधी घेतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेचे हस्तिदंतकार हे कोरीवकाम आम्ही केले असे सामूहिकपणे नोंदवतात. म्हणजे परंपरेत नाव होते. ते कधी एकट्याचे, कधी गुरुशिष्यांचे, कधी सगळ्या व्यावसायिक समूहाचे. नम्रता ही करणाऱ्याने स्वतः स्वीकारायची गोष्ट आहे. विकणाऱ्याने ती त्याच्यावर लादली, की ती नम्रता राहत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मूर्तीवर नाव कोरता येईल, पण मोहरीएवढ्या मण्यावर कसे? आणि एक बांगडी भट्टीपासून पेटीपर्यंत इतक्या हातांतून जाते, की नाव द्यायचे तरी कोणाचे? दालनात ज्याचे नाव लागते तो पुष्कळदा रेखाटन करणारा असतो. ज्योतीसमोर बसणारा त्याच्यामागे पुन्हा निनावीच राहतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकट्या सहीची कल्पना अपुरी आहे. पण उत्तर आपल्या हाताशी आहे. चित्रपट शेकडो माणसांच्या हातून होतो, तरी दिवे लावणाऱ्यापासून शिवणकाम करणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे पडद्यावर येतात; श्रेयनामावली लांबते म्हणून कोणी ती गाळत नाही. विदिशेच्या हस्तिदंतकारांनी सामूहिक नावाचा मार्ग दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवला. फिरोजाबादच्या काचेला आणि काशीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते गावाचे नाव वस्तूला परत देते. त्याच्या पुढची पायरी कार्यशाळेचे आणि हातांचे नाव. माळेला एक छोटी चिठ्ठी जोडता येते: गाव कोणते, मणी कोणी केले, ओवले कोणी. सोन्याच्या बाबतीत हे अशक्य नाही हे सरकारनेच सिद्ध केले. 2021 पासून सोन्याच्या हॉलमार्कबरोबर प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख दिली जाऊ लागली. पण ती ओळख धातूच्या शुद्धतेचा आणि विकणाऱ्याचा माग सांगते; घडवणाऱ्या सोनाराचा सांगत नाही. कसाचा माग ठेवणारी व्यवस्था आपण उभारली आहे. हाताचा माग ठेवण्याची इच्छा तिच्यात घालायची बाकी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: नावाने पोट भरत नाही. नाव लावले की वस्तू महाग होते, मूठभर उस्ताद वर येतात आणि बाकीच्यांचे घाऊक काम आटते. पहाडगंजसारखा बाजार नसता तर भट्ट्या केव्हाच विझल्या असत्या. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि कलादालनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. पुरस्काराने काही कुटुंबे सावरली. गावे सावरली ती बाजाराने. पण निनावीपणाने पोट भरले असेही इतिहास सांगत नाही. ज्याला नाव नाही त्याच्या जागी उद्या दुसरा कोणीही बसवता येतो, म्हणून त्याचा दर कायम खाली राहतो. यंत्राचा गुळगुळीत मणी त्याच्याच शेजारी टांगला, तर घेणाऱ्याला फरक सांगणारा कोणी नसतो. आणि आणखी एक गोष्ट झाकली जाते, वय. काच आणि बांगड्यांचे काम मुलांसाठी धोकादायक म्हणून बालकामगार कायद्याच्या यादीत घालावे लागले, कारण ज्योतीसमोर किती लहान हात बसत होते हे मालावरून कळण्याची सोय नव्हती. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातला कोळसा बंद केला आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांना वायूवर जावे लागले. संगमरवर काळवंडतो हे देशाला दिसले, आणि ते दिसायलाच हवे होते. त्याच धुरात श्वास घेणाऱ्या माणसांची छाती देशाच्या नजरेत तितक्या लवकर आली नाही, कारण ताजला नाव होते आणि त्यांना नव्हते. नाव म्हणजे केवळ मान नव्हे. दर, वय, आरोग्य यांविषयी प्रश्न विचारायचा असेल तर विचारायचा कोणासाठी, याचे उत्तर नावात असते.

म्हणून पहाडगंजला नुसता दलालांचा बाजार म्हणून हिणवणे चुकीचे आहे, आणि तो आहे तसाच चालू द्यावा असे म्हणणेही. करणारा आणि घेणारा यांच्यात जे अंतर पडले, त्याच्या मधोमध हा बाजार उभा आहे. ते अंतर कमी करण्याची सर्वांत चांगली जागाही तीच आहे. कलादालनात महिन्याला जेवढी माणसे पोचतात, त्याच्या कितीतरी पट माणसे स्थानकातून उतरून या रस्त्याने जातात. दालनाने शिकवलेली रीत, म्हणजे वस्तूशेजारी माणसाचे नाव मांडण्याची, बाजाराने उचलली तर ती मूठभरांची चैन उरणार नाही. गिऱ्हाइकानेही आपला वाटा उचलावा. ज्या काळ्या मण्यांवर मराठी संसाराची खूण टेकलेली आहे, ते कोणी केले हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. ती सुरू करायला खर्च येत नाही. ज्यांना रोज राबल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांचे हातावर पोट आहे असे मराठी म्हणते. पुरदिलनगरचा मणी करणारा, फिरोजाबादची जुडाई करणारी, दोघांचेही पोट हातावरच आहे. याच मातीतल्या कान्हदास सोनाराने हातावर नाव लिहिले होते. हातावर पोट असणाऱ्याला तिथेच आपले नावही लिहिता यावे, एवढा अधिकार त्याला आपण, त्याचे काम अंगावर मिरवणाऱ्यांनी, परत द्यायला हवा.